घट्ट म्हणजे नेमकं किती घट्ट?

मागच्या वेळी या सदरात आपण गळका नळ घरच्या घरी कसा दुरुस्त करायचा ते पाहिलं. त्या लेखात मी एक वाक्य सहज लिहून गेले होते, 'वायसर बदलून झाला की नट घट्ट आवळा.' माझ्या आजोबांनी तो लेख फोनवर चष्मा वरखाली करत पूर्ण वाचला आणि मला हाक मारली.

"घट्ट म्हणजे किती?"

"घट्ट म्हणजे घट्ट, आजोबा."

ते हसले नाहीत. म्हणाले, "डिसेंबर विसरलीस वाटतं."

डिसेंबरमध्ये काय झालं ते सांगते, पण त्याआधी आजोबांविषयी थोडं. आम्ही जबलपूरचे. हे शहर नर्मदा, भेडाघाट आणि खोव्याच्या जिलेबीसाठी तुम्हाला माहीत असेल, पण इथल्या कितीतरी घरांची चूल कारखान्यांवर पेटली आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. लष्कराचे शक्तिमान ट्रक १९५९ पासून तिथे बनू लागले. पुढे १९६९ मध्ये फक्त गाड्यांसाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. निसानच्या 'पॅट्रोल' गाडीवर बेतलेली लष्कराची 'जोंगा' इथलीच. तिच्या नावातला 'ज' जबलपूरचा आहे, हे आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांचं मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा व्हेइकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये गेली. रांझी भागातले लोक मात्र तिला अजून नुसतं 'व्हीएफजे' म्हणतात.

आजोबा तिथे फिटर होते. आयुष्यभर त्यांनी नट-बोल्ट आवळले. त्यामुळे 'घट्ट म्हणजे किती' हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की तो गमतीचा नसतो.

लखनादौनच्या पुढे

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी नागपूरला निघालो होतो. जबलपूर ते नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. गाडीत बाबा, आई, आजी, धाकटा भाऊ आणि मी. आजोबा गुडघ्यांमुळे घरीच थांबले होते. आदल्या दिवशी बाबांनी एका दुकानात चारही टायर काढून पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घेतले होते. दुकानातल्या मुलाने घाईत नट बसवले, गाडी खाली घेतली आणि पैसे घेतले. आम्हीही घाईतच होतो.

लखनादौनला चहा घेतला. तिथून दहा-पंधरा किलोमीटर पुढे गेल्यावर मागून डाव्या बाजूने 'खट् खट्' आवाज येऊ लागला. आधी वाटलं, डिकीत डबा हलतोय. आजीने लाडूंचा डबा मांडीवर घेतला तरी आवाज चालूच. मग गाडीचा मागचा भाग थरथरू लागला. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि उतरून पाहिलं. चाकाच्या चार नटांपैकी एक गायब होता आणि दोन बोटांनी फिरत होते.

चौथ्या नटाने आमचं सगळं कुटुंब धरून ठेवलं होतं.

बाबांनी उरलेले तीन नट आवळले आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने लखनादौनला परत आलो. तिथल्या एका मेकॅनिकने नवा नट बसवून दिला. साखरपुड्याला दोन तास उशिरा पोहोचलो, आणि पोहोचलो हेच खूप झालं.

घरी आल्यावर मी ठरवलं, आता काहीही सैल ठेवायचं नाही. पुढच्याच महिन्यात स्कूटरचं ऑइल स्वतः बदललं आणि खालचा बोल्ट दोन्ही हातांनी जीव खाऊन आवळला. शेवटच्या झटक्याला तो अचानक हलका झाला आणि नुसताच फिरू लागला. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, चूडी मर गई।" म्हणजे आटे गेले. बोल्ट लोखंडी आणि इंजिनचं खालचं कवच ॲल्युमिनियमचं. मऊ धातूने हार मानली होती. आटे नव्याने पाडून त्यात स्प्रिंगसारखा आतला आटा बसवावा लागला. शंभर रुपये वाचवायला गेले आणि दोन हजार घालवून बसले.

एकदा सैल राहिलं म्हणून फसलो, एकदा जास्त घट्ट झालं म्हणून फसले. दोन्ही वेळा चूक एकच होती. किती आवळायचं ते हाताला विचारलं होतं.

घरच्या अंगणातली परीक्षा

मी हे मान्य केल्यावर आजोबा खुलले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचं आता स्वतःचं गॅरेज आहे. त्याच्याकडून त्यांनी एक लांब पाना मागवला. त्यावर घड्याळासारखी तबकडी होती, काटा होता. हा टॉर्क रेंच. नट फिरवायला किती जोर लागतोय तो आकडा हा पाना दाखवतो.

मग आजोबांनी आमची परीक्षा घेतली. गाडीच्या एका चाकाचे चारही नट सैल केले. डिकीतल्या एल आकाराच्या पान्याने प्रत्येकाने एकेक नट 'आपल्याला वाटेल तितका घट्ट' आवळायचा. पहिला मी, दुसरा बाबांनी, तिसरा भावाने. भाऊ रोज जिमला जातो. तो सरळ पान्यावर पाय देऊन उभा राहिला. चौथा आजोबांनी स्वतः आवळला. मग टॉर्क रेंच लावून प्रत्येक नट किती जोराला पुढे सरकतो ते पाहिलं.

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत या नटांसाठी ८५ न्यूटन मीटर हा आकडा दिलेला आहे. माझा नट ५५ च्या आसपास सरकला. बाबांचा ९५ ला. भावाचा १७० पर्यंत हलला नाही. आजोबांचा ८० ला.

"बघा, आजोबांचा हात अजून बरोबर आहे!" आई म्हणाली.

आजोबांनी मान हलवली. "आज जमलं. हात सकाळी वेगळा असतो आणि संध्याकाळी वेगळा. म्हणून तर पाना लागतो."

हा आकडा येतो कुठून?

न्यूटन मीटर हे शब्द ऐकून घाबरू नका. तुम्ही दरवाजा ढकलताना कडीजवळ ढकलता, बिजागरीजवळ नाही. का? बिजागरीजवळ जास्त जोर लागतो. फिरवण्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते, तुम्ही लावलेला जोर आणि मध्यापासूनचं अंतर. या दोघांचा गुणाकार म्हणजे टॉर्क.

एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोची पिशवी टांगली, तर दुसऱ्या टोकाच्या नटावर सुमारे ९८ न्यूटन मीटर टॉर्क पडतो. आता आमच्या परीक्षेचा हिशेब पाहा. डिकीतला पाना साधारण ३० सेंटीमीटरचा. त्याच्या टोकावर मी जेमतेम १९ किलोइतका जोर लावला असेल, म्हणून ५५. भाऊ साठ किलोचा. तो त्यावर उभा राहिला की १७५ च्या पुढे, म्हणजे पाहिजे त्याच्या दुप्पट. पाना तोच, नट तोच, घर तेच. फक्त माणूस बदलला आणि चाकाचं नशीब बदललं.

बोल्ट ही एक स्प्रिंग आहे

आपल्याला वाटतं, बोल्ट म्हणजे लोखंडाचा खिळा. नट आवळला की बोल्ट प्रत्यक्षात केसभर ताणला जातो. रबर बँड ताणून डब्याला लावल्यावर तो झाकण धरून ठेवतो, तसा ताणलेला बोल्ट चाक धरून ठेवतो.

कमी ताणला तर पकड कमी. रस्त्याच्या हादऱ्यांनी चाक किंचित सरकत राहतं आणि नट हळूहळू उलटा फिरतो. लखनादौनच्या पुढे हेच झालं. प्रमाणाबाहेर ताणला तर बोल्ट रबर बँडसारखाच ढिला पडतो. तो पुन्हा मूळ लांबीवर येत नाही, आणि एक दिवस तुटतो. चाकाच्या नटांच्या बाबतीत आणखी एक त्रास होतो. नट कमीजास्त आवळलेले असतील तर आतली ब्रेकची तबकडी वाकडी होऊ शकते आणि ब्रेक दाबल्यावर पॅडल थरथरतं.

आता सगळ्यात नवल वाटण्यासारखी गोष्ट. नट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला जवळपास निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो. साधारण ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १० टक्के. म्हणजे आट्यांत माती किंवा गंज असेल तर घर्षण वाढतं, आकडा बरोबर दिसतो पण पकड कमी राहते. उलट आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं तर घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट नको इतका ताणला जातो. म्हणून आटे आधी साफ करा, आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तरच तेल लावा. 'थोडं ग्रीस लावलेलं चांगलं' हा सल्ला चाकाच्या नटांना लागू नाही.

कोणता पाना कशासाठी?

टॉर्क रेंचचा शोध लावण्याचं श्रेय कॉनराड बार यांना दिलं जातं. १९१८ मध्ये ते न्यूयॉर्क शहराच्या पाणी विभागात काम करत होते. मोठ्या पाइपांच्या जोडावरचे बोल्ट कामगार आपापल्या ताकदीने आवळायचे. कुठे जास्त, कुठे कमी. बोल्ट तुटायचे. त्यावर उपाय म्हणून हा पाना आला. म्हणजे आपला नळ आणि आपलं चाक, दोन्हींचा प्रश्न मुळात एकच.

आज बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

• काट्याचा पाना: दांडा वाकतो आणि काटा पट्टीवर आकडा दाखवतो. साधा, स्वस्त, लवकर न बिघडणारा. पण आकडा समोरून वाचावा लागतो.
• तबकडीचा पाना: आजोबांनी मागवला तो. तपासणीला उत्तम.
• 'टक्' करणारा पाना: मुठीवर आकडा लावून ठेवायचा. तेवढा जोर झाला की 'टक्' असा आवाज येतो आणि हाताला हलका झटका बसतो. गॅरेजमध्ये आणि घरी हाच जास्त चालतो.
• इलेक्ट्रॉनिक पाना: छोट्या पडद्यावर आकडा आणि बीप. महाग, पण वाचायला सोपा.

गाडीच्या चाकासाठी अर्धा इंची चौकोनाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरचा पाना पुरतो. स्कूटर किंवा मोटरसायकलच्या छोट्या बोल्टसाठी तो चालणार नाही. त्यासाठी ५ ते २५ न्यूटन मीटरचा लहान पाना वेगळा घ्यावा लागतो. पान्याच्या मापाच्या अगदी तळाला किंवा अगदी टोकाला काम करू नका. मधल्या भागात तो जास्त विश्वासाचा असतो.

चाक बसवताना, एकेक पायरी

आजोबांनी मला हे तीनदा करायला लावलं. तुम्हीही घरी एकदा सावकाश करून पाहा.

१. आकडा शोधा. गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटाचा टॉर्क लिहिलेला असतो. बहुतेक लहान गाड्यांत तो ८० ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण अंदाज करू नका. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीला लावू नका. पुस्तिकेत किलोग्रॅम मीटर लिहिलं असेल तर त्याला ९.८ ने गुणा.

२. गाडी सपाट जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाक आणि आटे कापडाने पुसा.

३. प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवून बसवा. निदान तीन-चार फेरे बोटांनी जायला हवेत. नट वाकडा बसला तर पान्याच्या जोराने तो आटे खात आत जातो आणि तुम्हाला वाटतं की घट्ट झाला.

४. साध्या पान्याने नट टेकवून घ्या. शेजारी-शेजारी नको, समोरासमोर. चार नट असतील तर फुलीच्या क्रमाने, पाच असतील तर आपण चांदणी काढतो त्या क्रमाने. त्यामुळे चाक एका बाजूला कलत नाही.

५. जॅक खाली घ्या, टायर जमिनीला टेकू द्या. म्हणजे आवळताना चाक फिरणार नाही.

६. टॉर्क रेंचवर आकडा लावा आणि मुठीचं लॉक करा. पाना बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दुसऱ्या एखाद्या घट्ट बोल्टवर तीन-चार वेळा 'टक्' करून घ्या. आतलं वंगण पसरतं.

७. मुठीवरच धरा, मध्ये दांड्याला नको. झटका न देता संथ ओढा. 'टक्' झालं की थांबा. 'अजून एकदा, खात्रीसाठी' म्हणून पुन्हा ओढायचं नाही. तिथेच नट पुढे सरकतो.

८. त्याच क्रमाने सगळे नट झाले की शेवटी एक फेरी मारून कुठला राहिला नाही ना ते बघा.

९. ८० ते १०० किलोमीटर गेल्यावर चाक थंड असताना पुन्हा तपासा. नवीन बसवलेलं चाक थोडं 'बसतं' आणि पकड किंचित कमी होते.

ही नववी पायरी वाचताना मला लखनादौनचा चहा आठवतो. जबलपूरहून लखनादौन जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. आम्ही तिथे वीस मिनिटं थांबलो होतो. त्यातली पाच मिनिटं डिकीतला पाना काढून चारही चाकं तपासली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

'टक्' म्हणजे सगळं ठीक असं नाही

टायरच्या दुकानात हवेवर चालणारी गन असते. 'ढर्रर्र' आवाज करत ती दोन सेकंदात नट आवळते. वेळ वाचतो, पण ती किती आवळते ते कुणालाच दिसत नाही. कधी कमी, बऱ्याचदा जास्त. काही दुकानांत गन चालवून झाल्यावर टॉर्क रेंच लावून 'टक् टक्' ऐकवतात आणि ग्राहक खूश होतो.

इथे एक गोष्ट समजून घ्या. नट आधीच दुप्पट आवळलेला असेल, तरी पाना 'टक्' करणारच. तो आवाज एवढंच सांगतो की नट ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी नाही. जास्त आहे का, ते तो सांगू शकत नाही. खरी तपासणी हवी असेल तर नट सैल करून पुन्हा टॉर्क रेंचने आवळायचा.

नट-बोल्टच चुकीचा असेल तर चांगलं अवजारही वाचवू शकत नाही. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मलागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या विमानाची पुढची काच आकाशात उडाली. कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि कॅप्टन वाचले. ती काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी बदलली होती, आणि स्क्रू आवळायला टॉर्क ठरवता येणारं अवजारच वापरलं होतं. चौकशीत निघालं की ९० पैकी ८४ बोल्ट हवेत त्यापेक्षा कमी जाडीचे होते. म्हणून हरवलेल्या नटाच्या जागी डब्यातला 'बसतोय तर लावून टाकू' असा नट कधीच लावू नका.

पान्याची काळजी

टॉर्क रेंच हे मोजायचं साधन आहे. सोनाराच्या तराजूने कुणी बटाटे फोडत नाही. तसंच याचं.

• जाम झालेला नट सोडायला टॉर्क रेंच वापरू नका. त्यासाठी साधा पाना किंवा लांब दांडा घ्या.
• मुठीला पाइप जोडून लांबी वाढवू नका. आकडा बिघडतो आणि पानाही.
• 'टक्' करणारा पाना वापरून झाला की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा. जास्त आकड्यावर ठेवला तर आतली स्प्रिंग थकते. खुणेच्याही खाली मात्र नेऊ नका.
• तो पाडू नका. पडलाच तर तपासून घ्या.
• वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासणी करून घ्यावी असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा हे काम करतात. घरी वर्षात चार वेळा वापरणाऱ्याला एवढं कडक राहायची गरज नाही, पण दहा वर्षं न तपासलेल्या पान्यावर डोळे झाकून विश्वासही नको.

विकत घ्यायचा का?

स्वतः टायर बदलत असाल, दुचाकीचं काम घरी करत असाल तर जरूर घ्या. 'टक्' करणारा बरा पाना साधारण दोन ते चार हजारांत मिळतो. आमच्याकडे गुरंदी बाजारात जुनी अवजारं स्वस्त मिळतात आणि मला तिथे फिरायला आवडतं. पण जुना टॉर्क रेंच घ्यायला आजोबांनी सक्त मनाई केली आहे. साधा पाना जुना घ्या, मोजायचा पाना नवा घ्या. सोबत तपासणीचं प्रमाणपत्र येतं का तेही विचारा.

स्वतः काहीच करत नसाल तर तुमचं काम फक्त विचारायचं आहे. मी आता दुकानात असं म्हणते, "भैया, गनने नट फक्त टेकवा, शेवटचं टॉर्क रेंचने हाताने करा. आकडा ८५ आहे." पहिल्यांदा मला संकोच वाटला होता. बीए इंग्रजी झालेली मुलगी मेकॅनिकला नट आवळायला शिकवणार? पण त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, आतून पाना आणला आणि म्हणाला, "पूछता कोई नहीं, इसलिए निकालते नहीं।" कुणी विचारत नाही म्हणून आम्ही काढत नाही. त्याचा अपमान झाला नव्हता, उलट त्याला बरं वाटलं होतं. चांगलं काम येणाऱ्या माणसाला ते करून दाखवायला आवडतं. आपण फक्त पाच मिनिटं थांबायची तयारी ठेवायची.

चाकापलीकडेही हा विचार उपयोगी आहे. स्पार्क प्लग, ऑइलचा बोल्ट, सायकलचं हँडल, इतकंच काय घरातल्या एमसीबीच्या स्क्रूलाही कंपनीने ठरवलेला टॉर्क असतो. तिथली सैल तार गरम होऊन जळू शकते. अर्थात विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण त्याला स्क्रू तपासायला नक्की सांगा.

एक दुरुस्ती

आता मागच्या लेखातलं ते वाक्य. आजोबांच्या सांगण्यावरून मी ते मागे घेते. नळाच्या नटावर टॉर्कचा आकडा नसतो, मग काय करायचं? नट हाताने फिरेल तितका फिरवा. मग पान्याने पाव फेरा. पाणी सोडा. थेंब दिसला तरच आणखी थोडा फेरा. प्लास्टिकचा नट असेल तर पान्याला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. 'घट्ट आवळा' असं आता या सदरात तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

पुढच्या महिन्यात त्याच मावसबहिणीचं लग्न आहे. परत तोच रस्ता, तीच गाडी. या वेळी आजोबाही येणार आहेत, गुडघे दुखत असले तरी. लखनादौनला थांबायचं हे ठरलं आहे. चहा बाबा सांगतील, भजी भाऊ सांगेल, आणि चाकं मी तपासणार आहे. नवीन पाना आणला आहे, आकडा ८५ वर लावायचा. भावाला पाय लावायची परवानगी नाही.

तुमच्या गाडीची पुस्तिका कुठे आहे? बहुधा समोरच्या कप्प्यात, जुन्या पावत्यांच्या खाली असेल. आज ती काढा, चाकाच्या नटाचा आकडा शोधा आणि फोनमध्ये लिहून ठेवा.